बालवर्गातील आगीचा खेळ: नव्या ताईंसाठी मार्गदर्शन

‘आपले मदतनीस’ हा विषय सुरू झाला की बहुतेक बालवाड्यांत आणि अंगणवाड्यांत एक दिवस आगीचा बंब येतोच. लाल कागदाच्या टोप्या होतात, चार खुर्च्यांची गाडी होते, कोणीतरी ‘टण टण टण’ ओरडते आणि सगळा वर्ग काल्पनिक आगीवर काल्पनिक पाणी मारत सुटतो. मुलांना हा खेळ मनापासून आवडतो आणि त्यात भाषा, मोजणी, एकमेकांसाठी थांबणे असे पुष्कळ काही घडते. मात्र तो जसा आपोआप खेळला जातो तसाच सोडून दिला, तर त्यात एक मोठी उणीव राहते. प्रत्येक मूल अग्निशमन दलाचा जवान होते आणि आगीकडे धावते. खऱ्या आगीत मात्र चार वर्षांच्या मुलाने करायचे काम नेमके उलटे असते. त्याने आगीपासून दूर जायचे असते, लपायचे नसते आणि मोठ्या माणसाला सांगायचे असते. म्हणून बंबवाल्याच्या भूमिकेइतकीच ‘घरात असलेल्या मुलाची’ भूमिका रंगतदार करणे, हे या खेळातले ताईंचे मुख्य काम आहे. पुढची मांडणी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, एक खोली, एक ताई आणि एक मदतनीस असे गृहीत धरून केलेली आहे.

पहिली पायरी: खेळाआधी स्वतःची खोली पाहावी

मुलांना आगीबद्दल काही सांगण्यापूर्वी, आपल्या खोलीत खरोखर आग लागली तर काय होईल, हे ताईंनी स्वतःशी तपासून पाहावे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात सुरू झालेली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले दगावली. त्या दुर्घटनेनंतर शाळांच्या अग्निसुरक्षेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ मध्ये न्यायालयाने देशभरातील शाळांसाठी सुरक्षिततेचे निर्देश दिले. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमही आहे. कायद्याचा भाग संस्थेने आणि इमारतीच्या मालकाने सांभाळायचा असतो. पण खिचडी जिथे शिजते ती जागा मुलांच्या बसण्याच्या जागेपासून किती अंतरावर आहे, सिलिंडर कुठे ठेवलेला आहे, दुसरे दार असेल तर त्याच्यासमोर पोषण आहाराची पोती रचलेली नाहीत ना, खिडकीचे गज उघडतात की नाही, या गोष्टी रोज पाहणाऱ्या व्यक्तीच्याच लक्षात येतात. सजावटीचे कागदी तोरण दिव्याला किंवा वायरला लागून असते, हेही अनेकदा नजरेतून सुटते.

अग्निशामक नळकांडे असल्यास त्याच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहावे आणि ते कसे वापरायचे ते ताई व मदतनीस या दोघींनीही शिकून घ्यावे: खिळ काढायची, नळीचे तोंड आगीच्या बुडाशी रोखायचे, मूठ दाबायची आणि नळी डावी-उजवीकडे फिरवायची. ते मुलांच्या खेळात कधीही आणू नये.

आपल्याकडे बंब कुठून येतो, हीही चौकशी करून ठेवावी. अग्निशमन दलाचा १०१ आणि सर्व तातडीच्या सेवांचा एकत्रित ११२ हे दोन्ही क्रमांक ताईंना पाठ हवेत. तालुक्याच्या गावी नगरपरिषदेचे केंद्र असते. आडगावात गाडी पोहोचायला वेळ लागतो आणि तोवर शेजारीपाजारीच पाण्याच्या बादल्या घेऊन धावून येतात. अशा गावातल्या मुलांच्या खेळात शेजारचे काका, विहीर, वाळूची घमेली आणि ग्रामपंचायतीचा टँकर हे सर्व यायला हवे. जे मुलांनी कधी पाहिलेलेच नाही, त्या उंच शिडीच्या गाडीभोवती सगळा खेळ बांधला, तर मुले नक्कल करतील, पण तो खेळ त्यांचा होणार नाही.

दुसरी पायरी: सुरुवात भातुकलीपासून करावी

आगीचा पहिला खेळ म्हणजे बंबाचा खेळ, असे आपण समजतो. मुलांचा पहिला खेळ मात्र चुलीचा असतो. तीन दगड मांडले, त्यात काटक्या सरकवल्या, खाली वाकून फुंकर घातली की चूल पेटली. भाकरी उलटताना ‘हाय’ करून बोट तोंडात घालणारी मुलगी आगीचे गुणधर्म आधीच जाणून असते. म्हणून बंबाची घाई न करता आधीचे काही दिवस भातुकलीचा कोपरा नीट मांडावा. लाल-पिवळ्या कापडाच्या चिंध्या चुलीत ठेवल्या की जाळ होतो. काळ्या-करड्या चिंध्या वर ठेवल्या की धूर होतो. शहरी बालवर्गात चुलीऐवजी खोक्यावर दोन वर्तुळे काढून गॅसची शेगडी करता येते. रेग्युलेटर म्हणून डब्याचे फिरणारे झाकण बसवले की ‘झोपताना गॅस बंद केला का?’ हा प्रश्न मुले स्वतःहून विचारू लागतात, कारण घरी तो त्यांनी रोज ऐकलेला असतो.

या कोपऱ्यात एक नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा. चुलीभोवती साधारण एक मीटरवर खडूने किंवा रांगोळीने रेघ काढावी. रेघेच्या आत फक्त स्वयंपाक करणारे मोठे माणूस असते. बाळे, म्हणजे बाहुल्या आणि बाळ झालेली मुले, रेघेबाहेर बसतात. लहान मुले भाजण्याच्या घटनांत ज्वाळांइतकाच, किंबहुना अधिक, वाटा उकळता चहा, आमटी, आंघोळीचे पाणी यांचा असतो, त्यामुळे ही रेघ बंबाच्या खेळापेक्षा जास्त उपयोगी ठरू शकते. ‘बाळ रेघेच्या आत आलं’ अशी तक्रार मुले लवकरच करू लागतात, आणि चूल विझल्यावरही भांडे गरम असते, हे आई झालेली मुलगी बाळाला दटावून सांगते. ताईंनी तेच व्याख्यान देऊन सांगितले असते, तर ते इतके टिकले नसते.

खरी काडेपेटी किंवा लायटर, अगदी रिकामासुद्धा, खेळाच्या साहित्यात ठेवू नये. रिकाम्या काडेपेट्यांची आगगाडी करण्याची आपल्याकडे जुनी हौस आहे. या वयाच्या वर्गात तीही टाळलेली बरी, कारण काडेपेटी ही खेळायची वस्तू आहे असा अर्थ मूल त्यातून घेते. एखादे मूल हवेत हात फिरवून काडी ओढल्याचा अभिनय करत असेल, तर मात्र त्याला रागावू नये. ते त्या क्षणी आई किंवा आजोबा आहे, आणि आई चूल पेटवतेच. खेळ संपल्यावर वेगळ्या वेळी वस्तूंची चित्रे घेऊन ‘आपण हात लावायचा’ आणि ‘मोठ्यांना सांगायचं’ अशा दोन टोपल्यांत ती लावून घ्यावीत: चेंडू, काडेपेटी, मेणबत्ती, चमचा, इस्त्री, समई, फुलबाजी, भोवरा. काडेपेटी जमिनीवर पडलेली दिसली तर ती उचलून आणून देणेही लहान मुलाचे काम नाही; त्याने तिथेच ठेवून मोठ्या माणसाला बोलावायचे, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण शहाणे मूल ती उचलून आणण्याचीच शक्यता जास्त.

याच दिवसांत शब्द जमा होतात: विस्तव, जाळ, ठिणगी, धूर, राख, निखारा, विझणे, पेटणे, भाजणे, चटका. मुलांच्या घरच्या बोलीत यांना काय म्हणतात ते विचारावे आणि तो शब्दही फळ्यावर, निदान बोलण्यात, घ्यावा. संकटाच्या वेळी मूल घरच्याच भाषेत ओरडते, त्यामुळे वारली, कोरकू, पारधी, हिंदी किंवा कन्नड बोलणारे मूल ‘आग’ कसे म्हणते, ते ताईंना ओळखू आले पाहिजे.

तिसरी पायरी: बंब उभा करावा

साहित्य विकत आणण्याची गरज नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला जे बालशिक्षण उभे केले, ते परिसरात सापडणाऱ्या वस्तूंवरच उभे होते. मोठे खोके किंवा दोन ओळींत मांडलेल्या खुर्च्या ही गाडी. थाळी किंवा मोडकी कढई ही चाके. जुन्या पाइपचा तुकडा ही नळी. हा तुकडा एक हातभराहून लांब नसावा, म्हणजे तो गळ्याभोवती गुंडाळला जाणार नाही आणि दोघांच्या ओढाओढीत कोणाला लागणार नाही. वडिलांचे जुने शर्ट हा गणवेश होतो. टोप्या पुठ्ठ्याच्या कराव्यात आणि हनुवटीखाली दोरी बांधू नये. ज्वाळा म्हणून जुन्या साडीचे लाल-केशरी तुकडे खोक्याच्या घरावर खोचून ठेवावेत. पाणी मारले की एकेक तुकडा ओढून काढायचा, म्हणजे आग विझत गेलेली डोळ्यांना दिसते. निळ्या कापडाच्या पट्ट्या पाणी म्हणून वापरल्यास खोली ओली होत नाही. अंगणात खरे पाणी आणि लहान झाऱ्या घेऊन खेळता आले, तर उत्तमच.

भूमिका आधी बोलून ठरवाव्यात: फोन घेणारा, चालक, नळी धरणारे दोघे, शिडीवाला, आणि घरातली माणसे. मुलींना ‘तू नर्स हो’ असे आपणच नकळत सुचवतो, ते टाळावे. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात शिकलेल्या हर्षिनी कान्हेकर या देशातील पहिल्या महिला अग्निशामक म्हणून ओळखल्या जातात. हे मुलांना सांगितले नाही तरी ताईंच्या मनात असावे.

फोनचा भाग घाईने उरकू नये. मोडका मोबाइल किंवा पुठ्ठ्यावर रंगवलेले आकडे पुरेत. पाच वर्षांच्या मुलांना एकच क्रमांक शिकवावा. एक-शून्य-एक तोंडात सहज बसतो, तर एक-एक-दोन सर्व कामांना चालतो. संस्थेने जो ठरवला असेल तोच सर्वांनी धरावा, दोन्ही एकदम शिकवू नयेत. पलीकडून बोलणारी व्यक्ती ताईंनी व्हावे आणि मुलाला सावकाश प्रश्न विचारावेत: ‘काय झालंय? तू कुठे राहतोस? घराजवळ काय आहे?’ बहुतेक मुलांना पत्ता सांगता येत नाही, पण ‘मारुतीच्या देवळामागे’, ‘पिठाच्या गिरणीसमोर’ हे नक्की येते आणि ते बंबालाही उपयोगी असते. फोन घराबाहेर पडल्यावरच करायचा, हा क्रम खेळात पाळावा. खरा फोन घेऊन गंमत म्हणून हा क्रमांक लावायचा नाही, हेही इथेच सांगून टाकावे.

चौथी पायरी: घरातल्या मुलाचे काम रंगवावे

दोन-तीन दिवस बंबाचा खेळ मनसोक्त झाल्यावर ताईंनी स्वतः खेळात शिरावे, पण जवान म्हणून नव्हे, तर घरातले मूल म्हणून. ‘मी घरात आहे, मला धूर दिसतोय, मी काय करू?’ असा प्रश्न टाकावा. पहिली उत्तरे बहुधा ‘पाणी टाक’ आणि ‘पलंगाखाली लप’ अशी येतात. ही उत्तरे खोडू नयेत. त्यांतून मुलांच्या मनात काय आहे ते कळते. लपण्याची ओढ ही या वयातली खरी अडचण आहे. घाबरलेले मूल पलंगाखाली, कपाटात, पांघरुणात शिरते आणि शोधणाऱ्याला सापडत नाही. म्हणून एक बाहुली खोक्याच्या पलंगाखाली लपवून ठेवावी, जवानांना तिला शोधायला सांगावे आणि ती सापडायला किती वेळ लागला ते सर्वांनी पाहावे. पुढच्या वेळी तीच बाहुली दारात उभी ठेवावी. फरक मुलांना लगेच दिसतो, आणि ‘बाहुलीने दारात यायला हवं होतं’ हे वाक्य मुलांकडून येते.

त्यानंतर धुराचा खेळ घ्यावा. एक करडी किंवा पांढरी जुनी साडी ताई व मदतनीस यांनी दोन टोकांना धरून जमिनीपासून साधारण दोन फुटांवर आडवी ताणावी. हा धूर. धूर वर जातो, खाली श्वास घ्यायला हवा राहते, म्हणून मुलांनी साडीला डोके न लावता गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत दारापर्यंत जायचे. पोटावर सरपटायचे नाही, हेही दाखवावे. साडी हळूहळू हलवली की खेळाला रंग चढतो. सोबत म्हणायला चार ओळी असल्या तर मुले घरीही म्हणतात:

धूर वर, मी खाली,
रांगत रांगत स्वारी आली;
दाराबाहेर चालत वळू,
झाडाखाली सगळे मिळू.

झाडाखाली म्हणजे नेमक्या कोणत्या, ते ठरलेले असावे. अंगणातले लिंबाचे झाड, समोरचा ओटा, झेंडावंदनाचा खांब, जे काही सर्वांना ठाऊक आहे ती भेटीची जागा. तिथे पोहोचल्यावर एका मुलाने हजेरी घ्यायची: घरात चार जण होतो, बाहेर किती आलो? तीनच आलो, तर कोण राहिले? वजाबाकी हा शब्द न उच्चारता इथे ती रोज घडते, आणि तिला कारणही असते.

नंतर या खेळातला सर्वांत अवघड प्रसंग आणावा. आवडती बाहुली आत राहिली आहे. मुलाने परत आत जायचे का? जवळजवळ प्रत्येक मूल आत पळते. खेळ थांबवून भाषण देण्यापेक्षा ताईंनी शेजारची काकू होऊन त्याचा हात धरावा आणि म्हणावे, ‘बंबवाल्यांना सांग, ती कुठल्या खोलीत आहे.’ मूल सांगते, जवान झालेली मुले रांगत आत जातात, बाहुली बाहेर येते. ‘आत जायचं नाही, सांगायचं’ या नियमाला इथे एक आनंदाचा शेवट मिळतो आणि घरातल्या मुलाच्या भूमिकेला महत्त्वाचे काम मिळते, कारण त्याने सांगितले नसते तर बाहुली सापडली नसती. हा प्रसंग एकदा जमला की घरातले मूल होण्यासाठीही रांग लागते. हाच खेळ पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या मुलांना भूमिका देऊन घ्यावा. मांजर, दप्तर, नवीन चप्पल असे राहिलेले काहीही चालते. माणूस आत राहिला असेल तरीही उत्तर तेच असते, हे मोठ्या गटाला सांगता येते.

पाचवी पायरी: मुखवट्याची ओळख

खरा जवान पूर्ण पोशाखात आला तर मुले त्याच्याकडे जाण्याऐवजी पळतात. हेल्मेट, चेहरा झाकणारा मुखवटा, पाठीवरचे सिलिंडर आणि श्वसनयंत्राचा खर्र-फूस आवाज यांमुळे तो माणूस वाटत नाही. म्हणून ताईंनी मुलांच्या देखत एकेक वस्तू अंगावर चढवावी: आधी बूट, मग कोट, मग टोपी, शेवटी पुठ्ठ्याचा मुखवटा. प्रत्येक वस्तूनंतर ‘मी कोण?’ विचारावे, आणि ‘ताईच’ असे उत्तर येत राहावे. मुखवट्याआडून श्वासाचा आवाज काढून दाखवावा, मग मुलांनीही काढावा. शेवटी मुखवटा घातलेल्या ताईंकडे एकेकाने चालत येऊन हात धरायचा. एखादे मूल आले नाही तर त्याला ओढू नये. दुसऱ्या दिवशी मुखवटा त्याच्याच हातात द्यावा.

सहावी पायरी: थांबा, झोपा, लोळा

कपड्यांनी पेट घेतला तर पळायचे नाही. जागच्या जागी थांबायचे, जमिनीवर आडवे व्हायचे, हातांनी चेहरा झाकायचा आणि आग विझेपर्यंत इकडून तिकडे लोळायचे. दिवाळीतल्या फुलबाज्या, घेरदार नायलॉनचे फ्रॉक आणि चुलीजवळची ऊठबस यांमुळे आपल्याकडे हे शिकवण्याला चांगलेच कारण आहे. मुलांना लोळणे इतके आवडते की पुढे ती घंटा वाजली तरी लोळतात, धूर म्हटले तरी लोळतात, आणि बाहेर पडायचे सोडून खोलीच्या मध्यभागी लोळत राहतात. यावर एक उपाय आहे. लाल कागदाची लहान ज्वाळा मुलाच्या सदऱ्याला हलकेच अडकवावी. ज्वाळा अंगावर असेल तरच लोळायचे. ती पडली की थांबायचे. मग ज्वाळा न लावता विचारावे, ‘आता घंटा वाजली, लोळायचं का?’ ‘नाही, बाहेर जायचं’ हे उत्तर सहज येऊ लागेपर्यंत दोन्ही खेळ शेजारी शेजारी ठेवावेत. तीन वर्षांच्या मुलांना हा भाग दिला नाही तरी चालतो. त्यांना ‘दूर जा आणि सांग’ एवढे पुरे.

पेलाखाली निरांजन झाकून ते विझते, हा प्रयोग काही ठिकाणी दाखवला जातो. तो खरा आहे आणि सुंदरही आहे. तरीही बालवर्गात तो करू नये, असे माझे मत आहे. ताईंनी केलेली प्रत्येक गोष्ट या वयाची मुले घरी करून पाहतात, आणि घरी त्यांच्या हाती निरांजन आणि पेला दोन्ही सापडतात. हवा आणि ज्योत यांचा संबंध दोन-तीन वर्षांनी समजला तरी काही बिघडत नाही.

घाबरणाऱ्या मुलांविषयी

वर्गात असे मूल असू शकते, ज्याच्या घरी किंवा वस्तीत आग लागलेली आहे, किंवा ज्याच्या अंगावर भाजल्याचे व्रण आहेत. विषय सुरू करण्यापूर्वी पालकांशी खासगीत बोलून ही माहिती करून घ्यावी. अशा मुलाला खेळात ढकलू नये आणि त्याला वर्गासमोर ‘तुझ्या घरी काय झालं ते सांग’ असेही म्हणू नये. ते दुरून पाहत असेल तर पाहू द्यावे. काही मुले हाच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळतात, प्रत्येक वेळी घर जळून जाते. त्यांच्या शेजारी बसून ‘आता शेजारचे काका आले’ असा मदतीचा एखादा धागा सुचवावा, पण आग्रह धरू नये. झोप उडणे, बोलणे बंद होणे, चिकटून राहणे असे काही दिवसांत कमी झाले नाही, तर पालकांना समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे. इतर मुलांसाठीही दिवसाचा खेळ नेहमी विझलेल्या आगीवर आणि बाहेर आलेल्या माणसांवर थांबवावा. होळी हा विषय त्याच आठवड्यात आला असल्यास, ती आग मोठी माणसे मिळून पेटवतात आणि आपण लांब उभे राहतो, एवढे सांगणे पुरेसे आहे.

सातवी पायरी: खेळ वेगळा, सराव वेगळा

बाहेर पडण्याचा खरा सराव हा खेळाचा भाग करू नये. खेळात मुले तोंडाने ‘टण टण’ म्हणतात. सरावासाठी मात्र वेगळी, एकच खूण ठेवावी, मग ती शाळेची घंटा असो वा शिट्टी, आणि ती खेळात कोणालाही वापरू देऊ नये. पहिल्या सरावाची कल्पना मुलांना आधी द्यावी. खूण झाली की हातातले आहे तिथेच ठेवायचे, चप्पल घालायची नाही, दप्तर घ्यायचे नाही, ढकलाढकली न करता दाराबाहेर जायचे. सर्वांत लहान मुलांसाठी गाठी मारलेली जाड दोरी उपयोगी पडते. प्रत्येकाने एक गाठ धरायची. मदतनीस पुढे, ताई हजेरीपट घेऊन शेवटी, आणि शौचालयात कोणी नाही ना, ते पाहूनच ताईंनी निघायचे. झाडाखाली नावे घेऊन हजेरी घ्यायची, डोकी मोजून नव्हे. पुढचे सराव वेगवेगळ्या वेळी घ्यावेत, एखादा खाऊच्या वेळी, एखादा दुपारच्या झोपेनंतर. पावसाळ्यात झाडाखाली चिखल होत असेल तर भेटीची दुसरी जागा जूनमध्येच ठरवून मुलांना दाखवावी.

भेट आणि अग्निसुरक्षा सप्ताह

१४ ते २० एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापूस आणि स्फोटके एकत्र असताना आग लागून प्रचंड स्फोट झाले आणि आग विझवताना ६६ अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. हा इतिहास ताईंसाठी आहे, बालवर्गासाठी नाही. १४ तारखेला डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी असते, त्यामुळे भेटीसाठी १५ नंतरचा दिवस मागावा. या आठवड्यात केंद्रांवर शाळांची गर्दी असते. जुलै-ऑगस्टमध्ये वेळ मागितल्यास बहुधा निवांत भेट मिळते.

केंद्रप्रमुखांना आधी सांगावे की मुले तीन ते सहा वर्षांची आहेत, सायरन वाजवायचा असल्यास पूर्वसूचना द्यावी, जळालेल्या माणसांच्या गोष्टी सांगू नयेत आणि जवानांनी पोशाख मुलांच्या समोर चढवावा. मुलांना सांगून ठेवावे की मध्येच खरा फोन आला तर काका-मावशी आपल्याला सोडून निघून जातील. प्रश्न मुलांकडून आदल्या दिवशी जमवावेत. ‘तुम्ही जेवता कुठे?’, ‘रात्री झोपता का?’, ‘गाडीत पाणी संपलं तर?’ असे प्रश्न येतात, आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जवान फार उत्साहाने देतात. परत आल्यावर भेटीचे चित्र काढून घेण्याऐवजी दुसऱ्या दिवशी बंबाचा कोपरा पुन्हा मांडावा आणि नवे काय आले ते पाहावे. गाडीच्या टाकीसाठी कोणी बादली शोधत असेल, तर भेट उपयोगी पडली असे समजावे.

पालकांसाठी एक बैठक

शेवटी, किंवा खरे तर भातुकलीचा कोपरा सुरू होतानाच, पालकांना बोलवावे. काडेपेटी आणि लायटर उंचावर, देवघरातली समई पडद्यापासून दूर, रात्री रेग्युलेटर बंद, चहाचा कप मांडीवर मूल घेऊन प्यायचा नाही, फटाक्यांच्या वेळी सुती कपडे आणि जवळ पाण्याची बादली, एवढे मुद्दे पुरेत. गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करायचे नाही, खिडक्या-दारे उघडायची, रेग्युलेटर बंद करायचा आणि बाहेर पडायचे. मुलांनी शिकलेली एक मीटरची रेघ घरच्या चुलीभोवती किंवा ओट्यासमोर काढायला सांगावे. मुलेच ती पाळायला लावतात.

भाजण्यावरचा प्रथमोपचारही इथेच सांगावा, कारण याबाबतीत घरोघरी वेगवेगळे उपाय चालतात. भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या साध्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरायचा. मूल लहान असेल तर बाकीचे अंग पांघरुणात उबदार ठेवायचे. बर्फ, हळद, तूप, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावायचे नाही. बांगडी, कडे, करदोटा सूज येण्यापूर्वी काढायचा. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढायचा नाही. मग स्वच्छ, कोरड्या सुती कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे न्यायचे, आणि चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजले असेल, अथवा भाजलेला भाग मुलाच्या तळहाताहून मोठा असेल, तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवायची. ही माहिती एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून बालवाडीच्या स्वयंपाकघरात, नळाच्या वर, चिकटवून ठेवावी.